विकतचे ऊन

नांदगावच्या माणसावर ऊन विकत घेण्याची पाळी यावी, याहून मोठी थट्टा कोणती? आमच्याकडे टंचाई पडते ती पाण्याची. उन्हाची टंचाई पडल्याचे पंचक्रोशीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही आठवायचे नाही. मनमाड सोडून गाडी भुसावळच्या वाटेला लागली, की खिडकीतून दिसतात ती उघडी माळराने, पिवळे कुसळी गवत, मधूनच एखादी कांद्याची चाळ, आणि या सगळ्यावर सढळ हाताने ओतलेले ऊन. ते चुकविण्यातच आमचा जन्म गेला. दाराला गोणपाट, गोणपाटावर पाणी, डोक्याला उपरणे आणि खिशात कांदा. असा मी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, इंग्लंडातल्या एका दुकानात उभा राहून रोख पैसे मोजून ऊन घेत होतो. हातभर लांबीच्या काचेच्या नळीत भरलेले! वर दुकानदार बजावीत होता, की वर्षभरात यातले ऊन संपेल, नळी पेटत राहील पण तिच्यावर विश्वास ठेवू नका, दुसरी न्या.

हकीकत अशी, की आमची मुलगी आणि जावई लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाच्या शहरात असतात. 2024 च्या सप्टेंबरात त्यांनी सौ. ला आणि मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले. विमानतळावर नात धावत आली. प्रवास कसा झाला वगैरे चौकशीत तिने वेळ दवडला नाही.

"आबा, तीळ आणि गूळ आलेत. त्यांना घर नाहीये. तुम्ही बांधणार आहात."

तीळ आणि गूळ ही कासवाची पिल्ले. तिच्या नवव्या वाढदिवसाची भेट. त्यांचे घर आबा बांधतील हे माझ्या अपरोक्ष ठरून गेले होते, कारण मी मनमाडच्या रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षे काढली. या कारखान्यात पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात. ज्याने आगगाडी पेलणारे गर्डर जोडले, त्याला कासवाचे घर काय जड, असा त्या पोरीचा हिशेब. हिशेबात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

घरी पोचल्यावर पाहतो तो बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर दोन अर्धे अक्रोड ठेवलेले. त्यातल्या एका अक्रोडाने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत घेतली. सहा आठवड्यांची पिल्ले. दोघांचे मिळून वजन एका लहानशा लिंबाएवढे. पाठीवर पिवळ्या-काळ्या चौकड्या, आणि तोंड मात्र असे पोक्त, की जणू आत्ताच पंचायतीची सभा आटोपून आली आहेत. ही जमिनीवरची कासवे. पाण्याशी यांचा संबंध पिण्यापुरता आणि भिजण्यापुरता. जातीचे नाव हर्मनचे कासव. अठराव्या शतकात स्ट्रासबुर्गला हर्मन नावाचे निसर्गाभ्यासक होऊन गेले, त्यांच्यावरून पडलेले. मूळ घर स्पेनपासून ग्रीसपर्यंत भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने. म्हणजे तीही आमच्यासारखीच उन्हातली माणसे, आणि रेडिंगमध्ये आमच्यासारखीच अंग आखडून बसलेली.

ज्या बाईंकडून ही पिल्ले आणली त्यांच्याकडे मी नातीला घेऊन मुद्दाम जाऊन आलो. काम हाती घ्यायचे तर आधी मोजमापे घ्यावीत, ही कारखान्याची सवय. बाई माझ्याच वयाच्या; परसात कासवांची तिसरी पिढी नांदत होती. त्यांनी चहा दिला आणि लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. त्या काळी भूमध्य समुद्राकाठून ही कासवे जहाजांनी लाखोंनी इंग्लंडात येत आणि बाजारात पाट्यांतून विकली जात. पोरे घरी नेत आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली कितीतरी मरत. अखेर 1984 साली युरोपातल्या देशांनी हा व्यापार बंद केला. आता विकायची ती घरात जन्मलेलीच, आणि तीही सरकारी दाखल्यासह. तीळ आणि गूळ यांचे दाखले बाईंनी मला वाचायला दिले. सारे कसे रीतसर. माझी स्वतःची जन्मतारीख शाळेत घालताना हेडमास्तरांनी आपल्या मर्जीने 1 जून अशी लावून टाकली, तिची त्या क्षणी मला थोडी लाज वाटली.

जावयांच्या मनात काचेची पेटी आणायची होती. दुकानात तयार मिळते, दिसतेही झोकदार. बाईंनी ते ऐकून हात हलविला. कासवाला काच समजत नाही, त्या म्हणाल्या. पलीकडे दिसते आहे तर जाता का येत नाही, एवढेच त्याला कळते, आणि मग ते दिवसभर त्या भिंतीला धडका देत राहते. त्यापेक्षा लाकडाची, वरून उघडी पेटी करा. भिंत आहे तर ती दिसू द्या.

मग मी पेटी केली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर उंच. साध्या पाइनच्या फळ्या, रंग नाही, रोगण नाही, कारण त्याचा वास पिल्लांच्या नाकाशीच असायचा. आतून प्लॅस्टिकचे अस्तर, ओल लाकडात मुरू नये म्हणून. मुलीने "बाबा, स्क्रूने करा, पटकन होईल" असे सुचविले. पण मी सांधे खाचा पाडून बसविले. तिकडे हातोडी-पटाशीला शेजारीपाजारी कौतुकाने बघतात. चार दिवसांत आसपासच्या तीन घरांतली मोडकी स्टुले माझ्याकडे आली, ती गोष्ट वेगळी.

पेटी झाली, पण घर झाले नव्हते. घराला लागणाऱ्या वस्तूंची यादी नातीने बाईंकडून लिहून आणली होती आणि ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. ती ऐकताना मला एकसारखे हसू येत होते, कारण त्या यादीतली एकूण एक वस्तू आमच्या नांदगावात रस्त्यावर पडलेली असते.

पहिली वस्तू माती. खत न घातलेली माती, पोत्यातून, दुकानातून! तिच्यात मिसळायला नारळाचा भुसा. त्याची दाबून केलेली वीट मिळते, आणि विटेच्या वेष्टनावर पाहतो तो ती आपल्या दक्षिणेतून आलेली. विमानाने आम्ही आलो, बोटीने ती. चार बोटे जाडीचा थर घालायचा, वरून कोरडा आणि खालून ओलसर. पिल्लू स्वतःला त्यात पुरून घेते. हवा फार कोरडी राहिली तर त्याच्या पाठीचे चौकोन सपाट न वाढता मनोऱ्यांसारखे वर चढतात आणि जन्मभर तसेच राहतात. दुसरी वस्तू सपाट दगड, दिव्याखाली ठेवायला. तो तापला, की पिल्लू त्यावर पोट शेकते आणि चालता चालता त्याची नखेही घासली जातात. आमच्या ओट्यावरच्या शहाबादी फरशीचा एक टवका पुरला असता. तिथे जुन्या छपराची पाटी शोधावी लागली. तिसरी वस्तू चुना. म्हणजे हाडांसाठी कॅल्शियम. त्याकरिता पेटीत एक पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा ठेवतात, पिल्ले तो कुरतडतात. सौ. ने तो हातात घेऊन हुंगला आणि म्हणाली, "अहो, हा तर समुद्रफेस! काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो तो." खरेच होते. समुद्रातल्या एका माशासारख्या प्राण्याच्या पाठीतले ते कवच. या शोधाने यादीविषयी तिचे मत एकदम चांगले झाले.

खाण्याची गंमत तर विचारू नका. भाजी नाही, फळ नाही, तण! शेतकरी जे उपटून बांधावर फेकतो ते या महाशयांचे पक्वान्न. तिकडे डँडेलियन म्हणून एक पिवळ्या फुलाचे, मोडले की दुधासारखा चीक येणारे तण आहे. आपल्या शेतातल्या पाथरीची मावसबहीण शोभावी असे. त्याची पाने गोळा करायला आजी-नात टोपली घेऊन निघत, आणि येणारे-जाणारे त्यांना गुड मॉर्निंग करीत. थंडी वाढली तेव्हा हे तणच आम्ही खिडकीत कुंड्यांतून लावले. नांदगावला कळले असते तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. कळस झाला तो दुकानात फड्या निवडुंगाची पाने दिसली तेव्हा. काटे काढलेली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, कासवांसाठी. एका पानाला पाव किलो तुरीच्या डाळीचे पैसे. मी ते पान परत जागेवर ठेवले. काही गोष्टी माणसाने तत्त्व म्हणून करू नयेत.

सगळ्यांत अवघड गेले ते ऊन. मला वाटले होते, पेटी दक्षिणेच्या मोठ्या खिडकीशी ठेवली की भागले. निरभ्र दिवशी तिथे चांगले ऊन येई. पण यादीत त्या ओळीखाली नातीने दोनदा रेघ मारली होती. उन्हात जे अतिनील किरण असतात त्यांच्यामुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. ते असेल तरच खाल्लेला चुना हाडांत आणि पाठीत जाऊन बसतो. नाहीतर पाठ मऊ पडते, पाय वाकतात, आणि पिल्लू हळूहळू संपते. खिडकीची काच नेमके हेच किरण अडविते. उजेड येतो, ऊब येते, आणि ज्यासाठी ऊन हवे तेवढे बाहेर राहते. मी त्या काचेपलीकडच्या उन्हाकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. दर रविवारी फोनच्या काचेतून नातीला बघणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

म्हणून ती नळी. तिच्याजोडीला उष्णतेचा एक दिवा, पेटीच्या एका टोकाला साखळीने टांगलेला. साखळी वर-खाली करून दगडावर 32 ते 35 अंश उष्णता येईल असे बेताने बसवायचे. दुसऱ्या टोकाला 20-22 च राहिली पाहिजे, कारण तापायचे कधी आणि निवायचे कधी हे पिल्लू स्वतःच ठरविते. आपण फक्त दोन्ही सोयी ठेवायच्या. सकाळी सातला सूर्य उगवायचा आणि संध्याकाळी सातला मावळायचा, बटनावर. दिव्याखाली पिल्लू उताणे पडले तर मात्र धोका. उलटता आले नाही तर उष्णतेने मरते. म्हणून जागोजाग खडे ठेवले, पाय लावून उलटायला. गूळ हे रोज एकदा तरी उताणे पडायचेच. पेटीच्या कोपऱ्यात चढण्याची त्याला भारी हौस. तीळ शांत, कुंडीच्या अर्ध्या खापराखाली बसून त्याचा उद्योग पाहायचे.

आणि अंघोळ! रोज पंधरा मिनिटे, कोमट पाण्यात, हनुवटीपर्यंत. ही ओळ वाचून झाली आणि सौ. ने पदर खोचला. तोवर ती या प्रकरणाकडे 'तुमचे खेळ' म्हणून बघत होती. आता पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ही तर बाळंतिणीची खोली आहे की हो! शेगडी आहे, ऊब आहे, वारा लागू द्यायचा नाही, रोज न्हाऊ घालायचं. हे मला सांगायला इंग्लंडची बाई कशाला पाहिजे?" त्या दिवसापासून अंघोळ तिच्याकडे गेली. केक भाजायच्या भांड्यात पाणी घेऊन, कोपराने त्याची ऊब बघून, ती एकेक अक्रोड त्यात सोडी. नात शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसे. अंघोळीनंतर काट्यावर वजन : तीळ 12 ग्रॅम, गूळ 13. पुढच्या रविवारी 13 आणि 14. आमच्या मुलीच्या बाळपणी नांदगावच्या दवाखान्यातून वजनाचे कार्ड मिळे, ते सौ. ने अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहे. नातीचे कार्ड मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते. ती जन्मली तेव्हा सौ. चा पाय प्लास्टरमध्ये होता. आमचे जाणे राहून गेले.

एका संध्याकाळी अंघोळ चालली असता सौ. नातीला कासवीची गोष्ट सांगू लागली. कीर्तनात आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कासवीला दूध नसते, पंखांची ऊब नसते. ती पलीकडच्या तीरावर राहून पिल्लांकडे नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्ले पोसतात. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत सगळ्या संतांनी देवाला ही कासवीची नजर मागितली आहे. सौ. गोष्ट छान सांगते. नात ऐकत होती. संपल्यावर म्हणाली,

"पण आजी, खरं तसं नसतं. ती खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती नसतेच. तिला माहीतसुद्धा नसतं."

सौ. काही बोलली नाही. तिने गुळाला पाण्यातून उचलले, फडक्याने टिपले.

"मग यांच्याकडे बघतं कोण?"

"ऊन," नात म्हणाली. मग थोडा विचार करून, "आणि आता आपण."

मला वाटले होते, सौ. ला हे लागेल. पण कीर्तनकाराने आणि नातीने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तिने जवळजवळ ठेवून दिल्या, देवघरात वेगवेगळ्या कुळांचे टाक असतात तशा. परत आल्यावर इथल्या महादेवाच्या देवळात, नंदीच्या पुढे जमिनीत कोरलेल्या कासवाला तिने नेहमीसारखाच नमस्कार केला. फक्त वाकून त्याच्या पाठीचे चौकोनही मोजले.

डिसेंबरात नातीने फर्मान काढले, की नांदगावच्या घरीही दोन कासवे असावीत, म्हणजे तिकडे तिचे मन रमेल. यावर मला नाही म्हणावे लागले, आणि त्याचे कारण तिला पटेपर्यंत समजावून सांगावे लागले. आपल्याकडे देशी कासव घरात पाळणे हा गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव कायदा आहे. 2022 च्या दुरुस्तीने पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जाऊन बसले. विहिरीतले मऊ पाठीचे साधे कासवही त्यात आहे. तारा कासवांची पिल्ले पिशव्यांतून, पेट्यांतून चोरून परदेशी जातात, विमानतळांवर पकडली जातात, आणि सुटलेल्यांतली सगळीच काही पुन्हा रानात जाण्याजोगी उरत नाहीत. कासव घरात असले की लक्ष्मी टिकते, ही समजूत या व्यापाराला खतपाणी घालते. ज्यांना लक्ष्मीची एवढी काळजी आहे त्यांनी पितळेचे कासव घ्यावे, त्याला दिवा लागत नाही. शहरांतल्या माशांच्या दुकानांत कानाशी लाल पट्टा असलेली हिरवी पिल्ले मिळतात, ती अमेरिकेतली, पाण्यातली. रुपयाएवढी म्हणून घ्यावीत तर पुढे ताटलीएवढी होतात, आणि मग लोक ती तळ्यात सोडून मोकळे होतात. नातीने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे तिकडे ती बाहेरच बरी," ती म्हणाली. मी म्हटले, "बरोबर. तिकडे ऊन फुकट आहे."

एक प्रश्न मात्र तिने विचारला आणि त्याला कोणीच नीट उत्तर दिले नाही. ही किती वर्षे जगतात? नीट सांभाळली तर पन्नास, साठ, कधी त्याहूनही अधिक. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे एक प्रचंड कासव होते. ते क्लाइव्हच्या बागेतले असे सांगत, आणि ते वारले 2006 मध्ये. रेडिंगहून फार दूर नसलेल्या सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्रीबुवांनी 1780 साली आपल्या आत्याकडून एक कासव आणले. आत्याने ते चाळीस वर्षे सांभाळलेले. व्हाइट 1793 साली गेले, कासव त्यानंतर वर्षभराने. त्याचे नाव तिमथी. सारा जन्म त्याला बुवा समजून हाक मारली आणि मेल्यानंतर कळले, की ती बाई होती. आमच्या तीळ-गुळांचेही तेच. अंडी कितपत उबेत ठेवली यावर यांचे नर-मादीपण ठरते, पण ते दिसून यायला काही वर्षे जावी लागतात. नात म्हणाली, "मला कळलं की फोनवर सांगेन." मी मनातल्या मनात वर्षांचा हिशेब केला आणि पेटीचे सांधे स्क्रूने केले नाहीत याचे समाधान वाटले.

मार्चात आम्ही परतलो. निघायच्या दिवशी तीळ 24 ग्रॅम होते, गूळ 27. सौ. ने अंघोळीचे काम मुलीला समजावून दिले. कोपराने पाणी बघायचे, बोटाने नाही, हे तीनदा सांगितले. आता रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे दुपारी चारला, फोन लागतो. नात दोघांना एकेक करून काचेशी धरते आणि वजन वाचते. पूर्वी या फोनवर 'जेवलीस का, अभ्यास झाला का' याच्यापुढे गाडी सरकत नसे. आता पाऊण तास पुरत नाही.

सध्या चर्चा चालली आहे ती फ्रिजची. भूमध्य समुद्राकाठची ही जात हिवाळाभर जमिनीत झोपते. रेडिंगमध्ये थंडी कधी कमी, कधी जीवघेणी, म्हणून तिकडचे जाणते लोक कासवांना चक्क फ्रिजमध्ये झोपवतात. पाच अंशांवर, मातीच्या डब्यात. आधी दोन-तीन आठवडे खाणे बंद, रोज भिजवणे, हळूहळू थंड करणे, मग आत. रोज एकदा दार उघडायचे, हवा खेळावी म्हणून, आणि आठवड्याला वजन. गेल्या वर्षी पिल्ले फार कोवळी होती म्हणून बाईंनी नको म्हटले. या हिवाळ्यात पहिल्यांदाच, सहा आठवडे. हे ऐकून सौ. दोन दिवस जेवली नाही म्हटले तरी चालेल. "विरजणाशेजारी?" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. विरजणाशेजारी नाही, जावयांनी वेगळा छोटा फ्रिज आणला आहे, हे कळल्यावर थोडी निवळली. तो रिकामाच चालू ठेवला आहे, आत एक पाण्याची बाटली आणि थर्मामीटर. पाच अंश टिकतात की नाही याची दसऱ्यापासून परीक्षा चालू आहे.

परवा फोनवर तिने सगळ्यांच्या आधी विचारले,

"काय ग, रोज दार उघडतेस ना?"

"आजी, आत अजून कोणीच नाहीये!"

"असू दे," सौ. म्हणाली. "सवय हवी."